दर उन्हाळ्यात डिशचा सिग्नल उतरतो, पावसाळ्यात परत येतो: नेमकं काय सरकतंय? (नागपूर)

रेडिओवाली (धागाकर्ती)

सामुदायिक रेडिओ केंद्राच्या डिशबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. केंद्र हिंगणा रोडच्या अंगाला आहे, डिश इमारतीच्या मागे जमिनीवर उभी आहे.

डिश १२ फुटी (३.७ मीटर), प्राइम फोकस (फीड, म्हणजे सिग्नल गोळा करणारं तोंड, डिशच्या बरोबर मध्यासमोर), पत्र्याच्या पाकळ्यांची. सी बँड (४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा), उपग्रह ९३.५ अंश पूर्व. ६ इंची पाइपचा खांब, खाली बेसप्लेट, चार जे-बोल्ट. एलएनबी (फीडला जोडलेला, सिग्नल वाढवून केबलवर उतरवणारा डबा) साधा, डीआरओ ऑसिलेटरचा. केबल आरजी-६, साधारण ४५ मीटर. कॅरिअर, म्हणजे आपला सिग्नल वाहून आणणारी लहर, डीव्हीबी-एस२ पद्धतीची, ८पीएसके, एफईसी ३/४.

फेब्रुवारीत सी/एन (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा) ११.६ डीबी असतो. मार्च संपता संपता उतरायला लागतो, मेच्या अखेरीस ८.४ वर येतो आणि दुपारी आवाज तुटायला लागतो. पाऊस स्थिरावला की आपोआप चढतो. देखभाल करणारे मेमध्ये एलेव्हेशन (डिशचा वर-खाली कोन) किंचित वर करून देतात, सिग्नल सुधारतो, मग सप्टेंबरात तेच पुन्हा खाली करावं लागतं. आता एलएनबी बदला, नाहीतर डिशच बदला असं सुचवलं जातंय. खर्च करण्याआधी कारण कळावं अशी इच्छा आहे.

---

तर्रीपोहे

उन्हाळ्यात नागपुरात माणसाचाच सी/एन उतरते बाप्पा, डिशचं काय घेऊन बसले! पण खरं सांगतो, एलएनबीवर संशय आहे. ४५ च्या वर पारा गेला की डीआरओचा ऑसिलेटर सरकतेच. पीएलएलचा (स्थिर ऑसिलेटरचा) एलएनबी लावून पाहा.

---

डेसिबल

@तर्रीपोहे, ऑसिलेटर सरकतो हे खरं, पण त्याची खूण वेगळी. सी बँड एलएनबीचा लोकल ऑसिलेटर ५१५० मेगाहर्ट्झचा. ३९०० चा कॅरिअर त्यातून वजा होऊन केबलवर १२५० ला उतरतो. उष्णतेने ऑसिलेटर अर्धा-एक मेगाहर्ट्झ हलला तर कॅरिअर तेवढाच बाजूला दिसतो. रुंद कॅरिअर असेल तर रिसिव्हर त्याच्या मागे जातो आणि सी/एन जवळपास तसाच राहतो. शे-दोनशे किलोसिम्बॉलचा अरुंद कॅरिअर असेल तर मात्र रिसिव्हरला तो सापडतच नाही आणि लॉक पूर्ण जातो. हळूहळू तीन डीबी उतरणं हे ऑसिलेटरचं लक्षण नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. रिसिव्हरच्या स्टेटस पानावर फ्रीक्वेन्सी ऑफसेट दिसतो. पहाटे पाचला आणि दुपारी तीनला ऑफसेट आणि सी/एन दोन्ही लिहून ठेवा. ऑफसेट हलला आणि सी/एन स्थिर राहिला तर एलएनबी तापतोय एवढंच. सी/एनही दुपारी अर्धा डीबी पडला तर तेही चालतं, एलएनबीचा नॉईज उष्णतेने थोडा वाढतोच. पण पहाटेसुद्धा सी/एन ८.८ च असेल तर कारण उष्णता नव्हे. मग ते यांत्रिक आहे किंवा फीडमध्ये काही बसलंय.

८पीएसके ३/४ चा उंबरठा साधारण ७.९ डीबी, ही गोष्टही ध्यानात ठेवा. ८.४ म्हणजे तुम्ही कड्याच्या टोकावर उभ्या आहात. क्यूपीएसके ३/४ असता तर ४ डीबीला काम भागलं असतं आणि तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता.

---

सोनेगाव

५जीचा त्रास असू शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा पहिल्या काही शहरांत नागपूर होतं. भारतात ते ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झवर चालतं आणि साधा एलएनबी ३४०० पासूनचं सगळं आत घेतो. जवळ टॉवर असेल तर एलएनबी गुदमरतो. फीड आणि एलएनबीच्या मध्ये ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झचा वेव्हगाइड फिल्टर टाका. अर्धा डीबी खाईल, पण बाकी त्रास संपेल.

---

डेसिबल

फिल्टर चांगलाच, पण ५जी पावसाळ्यात सुट्टीवर जात नाही. हिचा त्रास ऋतूप्रमाणे येतो-जातो. टॉवरचा त्रास बारमाही असतो आणि दिवसातल्या वर्दळीप्रमाणे कमीजास्त होतो. दुसरं म्हणजे एलेव्हेशन वर केल्यावर सिग्नल सुधारतो असं ताईंनी स्पष्ट लिहिलंय.

---

मुरूम

उत्तर धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे आणि ते जमिनीत आहे.

नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्टवरची काळी माती आहे. हिंगणा, वाडी त्याच पट्ट्यात येतात. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच मातीत. डिशचा पाया जर तीन-चार फुटांचा काँक्रीटचा ठोकळा असेल तर तो त्या फुगण्या-आकसण्याच्या थरातच बसलाय. माती सगळीकडून सारखी वाळली तर ठोकळा सरळ खाली-वर होईल, डिशला फरक पडणार नाही. पण एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला ऊन असेल तर ठोकळा कलतो. एसीचं पाणी, टाकीचा ओव्हरफ्लो, बगिचा, न्हाणीचा पाइप यातलं काय डिशच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा.

एलेव्हेशन मेमध्ये वर आणि सप्टेंबरात खाली करावं लागतं म्हणजे उन्हाळ्यात खांब डिशच्या तोंडाच्या दिशेने, आग्नेयेला झुकतोय. त्या बाजूची माती वाळून खचतेय.

---

ओळंबा

मुरूमभाऊंशी शंभर टक्के सहमत. आता मोजायचं कसं ते सांगतो.

आधी कोन. नागपूर २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. इथून ९३.५ पूर्वेच्या उपग्रहासाठी ॲझिमथ (आडवी दिशा) १४४.५ अंश (खऱ्या उत्तरेपासून), एलेव्हेशन ६०.३ अंश, पोलरायझेशनचा (लहरीच्या उभ्या-आडव्या दिशेचा) तिरकस कोन सुमारे ३२.७ अंश. डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे पाहिलं तर एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे होकायंत्र थेट वापरा. फक्त ते लोखंडी खांबापासून चार-पाच मीटर लांब धरा.

आता डिश किती चुकली की किती तोटा होतो ते. बीमची रुंदी अंशांत अंदाजे ७० गुणिले तरंगलांबी भागिले व्यास. सी बँडला तरंगलांबी ७.५ सेंमी, व्यास ३७० सेंमी, म्हणजे १.४ अंश. चुकीचा तोटा डीबीत = १२ × (चूक ÷ बीम) चा वर्ग. अर्धा अंश चुकला तर दीड डीबी, ०.७ अंश चुकला तर तीन डीबी. ८ फुटी डिशला हाच अर्धा अंश ०.६ डीबीत भागतो. म्हणून ८ फुटीवाले निवांत झोपतात आणि १२ फुटीवाल्यांचे फोन येतात.

खांब किती झुकला हे बघायला महागडं यंत्र नको. गवंड्याचा ओळंबा घ्या. खांबाच्या वरच्या टोकाला दोरी बांधा, दोरी खांबापासून वर जेवढी दूर तेवढीच खाली असली पाहिजे. एक मीटर उंचीत ८.७ मिलिमीटरचा फरक म्हणजे अर्धा अंश. हे दोन दिशांनी मोजा: एकदा डिशच्या तोंडाच्या रेषेत, एकदा तिच्या काटकोनात. तोंडाच्या रेषेतला झुकाव जसाच्या तसा एलेव्हेशनमध्ये उतरतो. आडवा झुकाव आकाशात ८७ टक्के सरकवतो आणि पोलरायझेशनही अर्ध्या प्रमाणात फिरवतो.

---

कोॲक्स

जमीन बघण्याआधी केबल बघा हो. ४५ मीटर आरजी-६, तीही बहुधा स्टीलवर तांब्याचा मुलामा दिलेली. हजार मेगाहर्ट्झला आरजी-६ शंभर मीटरमागे २० ते २२ डीबी खाते, आरजी-११ चौदाच्या आसपास. ४५ मीटरला दहा डीबी जातात. तेवढं एलएनबीच्या साठ डीबी गेनमध्ये खपून जातं, त्याची चिंता नाही. चिंता व्होल्टेजची आहे. उभ्या पोलरायझेशनला १३ व्होल्ट, आडव्याला १८. कनेक्टर गंजला की १८ चे एलएनबीपाशी १५ च्या खाली येतात आणि एलएनबी गुपचूप दुसऱ्या पोलरायझेशनवर जातो. मीटर लावताना एलएनबी जोडलेला ठेवूनच मोजा. नुसत्या उघड्या टोकावर १८ दिसतीलच, लोडवर किती ते महत्त्वाचं.

कनेक्टर कॉम्प्रेशनचाच वापरा, पक्कडीने दाबलेला नको. वर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी टेपच्या कडेत शिरत नाही. केबल एलएनबीतून निघाली की आधी खाली झोळ द्या आणि मग वर न्या. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

---

धंतोलीकर

@कोॲक्स, मुद्दा बरोबर. एक भर घालतो. मोबाईलचा ९०० चा बँड ९६० मेगाहर्ट्झपर्यंत येतो आणि तुमचा आयएफ (एलएनबीतून केबलवर येणारा पट्टा) ९५० पासून सुरू होतो. ढिला कनेक्टर किंवा विरळ जाळीची केबल असेल तर टॉवरचा सिग्नल थेट केबलमध्ये घुसतो. ४१९० च्या आसपासचा कॅरिअर खराब आणि बाकी सगळे ठणठणीत असं दिसलं तर आधी हे तपासा.

---

रेडिओवाली

सगळ्यांचे आभार. ऑफसेट आणि सी/एन लिहून घेतले. पहाटे ऑफसेट +०.२, दुपारी −०.७ मेगाहर्ट्झ. सी/एन पहाटे ८.७, दुपारी ८.३. एलएनबीपाशी लोडवर १६.९ व्होल्ट. इमारतीचे दोन एसी डिशच्या मागच्या बाजूलाच पाणी टाकतात आणि तिथे कर्दळीचा वाफा आहे. पुढच्या बाजूला मोकळी जमीन, भेगा पडलेल्या. ओळंब्याचं माप उद्या घेते.

---

मुरूम

घ्या! मागे कर्दळ, पुढे भेगा.

---

तर्रीपोहे

मानलं भाऊ. पहाटे बी आठ पॉइंट सातच आहे म्हणजे एलएनबी बिचारा निर्दोष. माझा संशय मागे घेतो. पण ताई, १६.९ चा आकडा चांगला आला, केबलवाल्याचं नाव काढा.

---

वीजतंत्री

माती निघालीच आहे तर अर्थिंगचंही बोलून घेऊ. विदर्भात मे-जूनमध्ये कडकडाट होतो तेव्हा जमीन सगळ्यात कोरडी असते, म्हणजे अर्थिंग सगळ्यात वाईट असतं तेव्हाच त्याची गरज पडते. अर्थ पिटमध्ये एप्रिलपासून पाणी टाका आणि अर्थ टेस्टरने मोजा, ५ ओहमच्या खाली हवं, १ च्या जवळ गेलं तर उत्तम. डिशच्या खांबापासून २५ × ३ मिमीची जीआय पट्टी थेट पिटला न्या, वाटेत काटकोनी वळणं नकोत. केबल इमारतीत शिरते तिथे डीसी पास होणारा सर्ज अरेस्टर बसवा आणि त्याची तार त्याच अर्थिंगला जोडा. डिशचं एक, ट्रान्समीटरचं दुसरं, मेनचं तिसरं अशी तीन वेगळी अर्थिंग न जोडता ठेवली तर वीज केबलमधूनच रस्ता काढते आणि रिसिव्हर जळतो.

फक्त मुरूमभाऊंच्या भीतीने पिट पायाला चिकटून खोदू नका. तिथे पाणी टाकाल तर पाया पुन्हा एका बाजूने फुगेल. चार-पाच मीटर लांब ठेवा.

---

मुरूम

शेवटचं वाक्य ठळक अक्षरात वाचा सगळ्यांनी.

---

डेसिबल

ओळंब्याचं माप येईपर्यंत एक आडवाट. ज्यांची डिश नीट आहे का ते विनायंत्र तपासायचं आहे त्यांच्यासाठी सूर्यच मोठा मित्र आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. नागपूरहून ९३.५ साठी हे मार्चच्या ११-१२ च्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि ऑक्टोबरच्या १-२ च्या आसपास अकराला पाचेक मिनिटं कमी असताना होतं. चार-पाच दिवस रोज काही मिनिटं सिग्नल बुडतो. त्याला सन आउटेज म्हणतात, तो दोष नाही, दुरुस्ती करायची नाही. कार्यक्रमाच्या नोंदवहीत आधीच लिहून ठेवावं आणि त्या वेळेला ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावावा.

त्या क्षणी फीडची सावली डिशच्या अगदी मध्यावर पडली पाहिजे. फोकल लांबी १.४३ मीटर धरली तर सावली २५ मिमी सरकली म्हणजे डिश एक अंश चुकली. मात्र घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर हवं, कारण एका मिनिटात सूर्य पाव अंश सरकतो.

यावरून आठवलं: डिशला चकचकीत ऑइल पेंट कधीही देऊ नका. त्या काही मिनिटांत सगळं ऊन फीडवर एकवटतं आणि फीडचं प्लास्टिकचं टोपण वितळतं. मॅट रंगच हवा.

---

सोनेगाव

टोपणावरून: ते तडकलं असेल तर आत काय बसलंय ते नक्की बघा. कुंभारीण माशी फीडच्या नळीत मातीचं घर करते. कोरडं असेल तर थोडं खाते, ओलं झालं तर खूप. बॅटरी मारून आत पाहायला दोन मिनिटं लागतात.

आणि ज्यांच्याकडे वानरांच्या टोळ्या येतात त्यांनी फीडचे चारही पाय तपासा. वानर फीडला धरून झोका घेतं, त्याला दृश्य छान दिसतं, आपला फोकस जातो.

---

ओळंबा

सोनेगावने फीड काढलाच आहे तर तपासणीची रीत सांगतो. फीडच्या तोंडापासून डिशच्या कडेपर्यंत चार ठिकाणी टेपने मोजा, वर-खाली-डावी-उजवी. चारही मापं ३ मिमीच्या आत जुळली पाहिजेत.

फोकल लांबी: कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणा, मध्यात खोली मोजा. व्यासाचा वर्ग भागिले सोळा पट खोली. ३७० सेंमी व्यास आणि ६० सेंमी खोली असेल तर १४२.६ सेंमी. फोकसचा बिंदू फीडच्या तोंडाच्या साधारण ६ मिमी आत यायला हवा. एफ/डी (फोकल लांबी भागिले व्यास) ०.३८५ येतो, म्हणून फीडभोवतीची स्केलर रिंग ०.३८ च्या खुणेवर.

डिश वाकली आहे का यासाठी दोन दोऱ्या काटकोनात कडेपासून कडेपर्यंत ताणा. मध्यात त्या एकमेकींना नुसत्या टेकायला हव्यात. मध्ये फट असेल, किंवा एक दोरी दुसरीला दाबत असेल, तर डिश पिळली आहे. मग दोऱ्यांची वर-खाली अदलाबदल करून पुन्हा बघा, कारण एका बाजूने पाहिल्यावर पीळ लपतो. सी बँडला ४-५ मिमी चालतात. केयू बँडला (त्याहून वरच्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याला) दीड मिमीच्या पुढे नाही.

---

धंतोलीकर

ज्यांच्याकडे केयूची ऑफसेट डिश (फीड मध्यासमोर नसून खालच्या बाजूला) बॅकअपला आहे (डीडी फ्री डिश याच ९३.५ वर जीसॅट-१५ वरून येतं, आकाशवाणीच्या वाहिन्याही त्यात आहेत), त्यांनी इन्क्लिनोमीटर (कोन मोजायचं साधन) डिशच्या तोंडावर टेकवून ६०.३ वरून थेट हिशोब करू नये. ऑफसेट डिश तिच्या कोनापेक्षा साधारण २२ ते २५ अंश खाली बघत असल्यासारखी दिसते. दर मॉडेलचा आकडा वेगळा, ब्रॅकेटवर छापलेली पट्टी वापरा. प्राइम फोकसला मात्र सोपं आहे: कडेवर उभी सरळ पट्टी टेकवा, आडव्याशी २९.७ अंश दिसले की एलेव्हेशन ६०.३.

आणि हो, केयूला पावसासाठी ५-६ डीबी राखीव ठेवा. जुलैतल्या झडीत सी बँड हूं की चूं करत नाही, केयू मात्र जातो.

---

रेडिओवाली

मापं आली. खांबाची उघडी उंची १.२ मीटर, डिशच्या तोंडाच्या रेषेत ११ मिमी पुढे झुकलेला. आडवा झुकाव २ मिमीच्या आत. फीडचं टोपण तडकलेलं आहे आणि आत खरोखर मातीचं घर आहे. फीडची चारही मापं जुळतात, दोऱ्या टेकतात.

---

ओळंबा

१२०० मध्ये ११ म्हणजे ०.५३ अंश. १२ × (०.५३ ÷ १.४२) चा वर्ग म्हणजे पावणेदोन डीबीच्या जवळ. तीन डीबीतले अर्ध्याहून जास्त सापडले. बाकीचे कुंभारणीकडे असावेत.

आता कृपा करून एलेव्हेशनच्या बोल्टला हात लावू नका. डिशचा कोन चुकलेला नाही, खांब चुकलाय. खांब वाकडा ठेवून डिश वर केली तर कागदावर सगळं बरोबर, पण ऋतू बदलला की पुन्हा तेच. शिवाय वाकड्या खांबावर ॲझिमथ फिरवलं की एलेव्हेशनही बदलतं. दुसऱ्या उपग्रहावर जायची वेळ आली तर माणूस दिवसभर शोधत बसतो. उदाहरणार्थ ८३ पूर्वेला इथून ॲझिमथ १६९.३ आणि एलेव्हेशन ६४.८ लागतं. सरळ खांबावर हे दहा मिनिटांचं काम आहे.

बेसप्लेटखाली प्रत्येक जे-बोल्टला खालचा नट आहे का ते बघा. असेल तर:

१. मार्करने खांबावर आणि माउंटच्या कॉलरवर एक उभी रेघ मारा, म्हणजे ॲझिमथ सरकलं तर कळेल. ६ इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८ मिमी, घेरावर दीड मिमी म्हणजे एक अंश. (८ फुटी डिशच्या ४ इंची पाइपला घेर ३५९ मिमी असतो, तिथे १ मिमीला १ अंश, फार सोयीचं.)
२. वारा नसलेली सकाळ निवडा. डिश दोन बाजूंनी दोराने बांधा.
३. चारही वरचे नट अर्धा फेरा सैल करा, काढू नका.
४. आग्नेयेकडचे दोन खालचे नट थोडे-थोडे वर घ्या. दर वेळी ओळंबा आणि मीटर दोन्ही बघा.
५. सरळ झाला की वरचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळा. आवळताना मीटरवर एक डोळा असू द्या, कारण आवळतानाच पाव अंश सरकतो.

---

वीजतंत्री

क्रमांक २ वर जोर देतो. आयएस ८७५ प्रमाणे नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात. १२ फुटी भरीव डिशचं क्षेत्रफळ पावणेअकरा चौरस मीटर. सगळं तोंड वाऱ्याला आलं तर नुसत्या दाबाने सव्वा टन, आकाराचा गुणक धरला तर पावणेदोनच्या घरात. नट सैल असताना मेमधलं दुपारचं वादळ आलं तर डिश माणसावर येते. आभाळ भरून आलं की काम थांबवायचं, मग ते कितीही अर्धवट असो.

---

डेसिबल

खांब सरळ झाल्यावर शेवटचं बारीक जुळवणं. सिग्नल सर्वांत जास्त दिसेल तिथे थांबू नका, शिखर सपाट असतं, तिथे डोळा फसतो. एका बाजूला सी/एन दोन डीबी पडेपर्यंत न्या, खूण करा. दुसऱ्या बाजूला दोन डीबी पडेपर्यंत न्या, खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे बरोबर जागा. ॲझिमथ, मग एलेव्हेशन, मग परत ॲझिमथ.

पोलरायझेशनला उलट करा: विरुद्ध पोलरायझेशनचा कॅरिअर लावून तो कमीत कमी कुठे होतो ते शोधा. शिखरापेक्षा हा खड्डा फार टोकदार असतो. सापडला की एलएनबी तिथेच ठेवा आणि फक्त व्होल्टेज बदला.

एक सावधगिरी: मुख्य बीमच्या दोन्ही बाजूंना छोटी खोटी शिखरं असतात. डिश खूप हललेली असेल तर माणूस खोट्या शिखरावरच समाधान मानतो. दोन्ही बाजूंना सारखी छोटी शिखरं दिसली तरच मधलं खरं.

---

तर्रीपोहे

एक अडाणी प्रश्न. उपग्रहच हलत असेल तर? आपण इथे ओळंबा लावून बसलो आणि तो तिकडे फिरून राहिला.

---

डेसिबल

प्रश्न अजिबात अडाणी नाही. उपग्रह हलतो, पण हासन आणि भोपाळच्या नियंत्रण केंद्रांतून त्याला साधारण ०.१ अंशाच्या चौकटीत राखलं जातं. १.४ अंशाच्या बीमला ते जाणवत नाही. इंधन संपत आलेला उपग्रह उत्तर-दक्षिण सोडून दिला तर सिग्नल रोज ठरावीक वेळेला चढतो-उतरतो. ऋतूप्रमाणे नाही, दिवसाप्रमाणे.

---

रेडिओवाली

खालचे नट होते, गंजलेले पण फिरले. खांब सरळ केल्यावर एलेव्हेशनला हात न लावता ८.४ चे १०.१ झाले. फीड साफ करून नवीन टोपण लावल्यावर ११.४. दुपारी आवाज तुटणं थांबलं. एलएनबी तोच आहे.

आता पुढच्या मेमध्ये पुन्हा झुकू नये म्हणून काय?

---

मुरूम

तीन गोष्टी, सोप्यापासून अवघडापर्यंत.

एसीचं पाणी पाइपने लांब सोडा आणि कर्दळीचा वाफा हलवा. पायाभोवती सगळ्या बाजूंनी दीड मीटर रुंदीचा काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार देऊन. त्याखालची ओल मग वर्षभर बऱ्यापैकी सारखी राहते. आसपास मोठं झाड लावू नका. मुळं एका बाजूने पाणी ओढतात. आणि सावलीचाही प्रश्न येतो: ६०.३ अंशाला डिशपेक्षा १४ मीटर उंच झाड आठ मीटरच्या आत आलं की आडवं येतं.

एवढं करूनही झुकला तर पाया बदलावा लागेल. काळ्या मातीत ठोकळा मोठा करून उपयोग नाही, खोल जावं लागतं, मुरूम लागेपर्यंत. मुरूम खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल: ३०० मिमीचा खांब, साडेतीन मीटर खोल, तळाशी ७५० मिमीचा फुगवटा. तो फुगवटा फुगणाऱ्या थराच्या खाली असतो, म्हणून माती वर काहीही करो, खांब जागचा हलत नाही. नवी डिश बसवणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच करावं, नंतर करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

---

ओळंबा

बेसप्लेटखाली ग्राउट (सिमेंटचा भराव) आत्ता भरू नका. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा ओळंब्याचं माप दर महिन्याच्या एक तारखेला लिहा, सी/एनच्या शेजारीच. पट्टा टाकल्यावर ३-४ मिमीच्या आत राहिलं तर मग ग्राउट भरा. नटांना ग्रीस लावा आणि वर दुसरा नट चढवून ठेवा. जीआयच्या जागी स्टेनलेस लावणार असाल तर अँटी-सीझ पेस्ट हवीच, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं आणि पुढच्या वेळी बोल्ट कापावा लागतो.

---

कोॲक्स

आणि ताई, ११.४ आलाच आहे तर तो कनेक्टर आजच टेप करून घ्या. मृगाला फार दिवस नाहीत.